खानदेशातलं गावचं मेडिकल: औषध कसदार राखायचं आणि बिनचूक द्यायचं

औषधाच्या पाकिटावर एक्स्पायरीची तारीख असते, ती सगळेच बघतात. तिच्याजवळच '३० अंश सेल्सिअसच्या खाली ठेवा' अशी बारीक ओळ असते, ती फारसं कोणी वाचत नाही. पण तारीख खरी ठरते ती ही ओळ पाळली तरच, कारण कंपनीने मुदत काढलेली असते ती त्या तापमानाला धरून. जळगाव-भुसावळ पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो आणि पत्र्याच्या दुकानात छताजवळच्या फळीवर तो आणखी चढतो. त्या फळीवर अख्खा उन्हाळा भाजलेली गोळी बिलावर चालू मालच असते. पेशंटच्या पोटात गेल्यावर ती किती काम करेल, याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. गावच्या मेडिकलचा दर्जा आधी इथे ठरतो, मग काउंटरवर.

परवाना आणि फार्मासिस्ट

किरकोळ विक्रीला नमुना २० आणि २१ चे परवाने लागतात. जागा किमान १० चौरस मीटर, म्हणजे साधारण १०८ चौरस फूट हवी. परवान्याची दर पाच वर्षांची फी वेळेत भरायची. फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र आणि परवाना गिऱ्हाइकाला दिसेल असा भिंतीवर लावायचा.

खरा प्रश्न असतो तो फार्मासिस्ट दुकानात आहे की नुसतं त्याचं प्रमाणपत्र आहे, हा. फार्मसी कायदा १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय दुसऱ्या कोणाला चिठ्ठीवरचं औषध तयार करून देता येत नाही. प्रमाणपत्र भाड्याने घेऊन पोऱ्यावर दुकान चालवणं हा गुन्हा आहेच, शिवाय पुढे लिहिलेली प्रत्येक चूक त्याच दुकानात आधी होते. फार्मासिस्ट लग्नाला गेला असेल तर तेवढा वेळ चिठ्ठीची विक्री बंद ठेवा आणि तशी पाटी लावा. एखादं गिऱ्हाईक पुढच्या गावाला जाईल, जाऊ द्या.

उन्हाळा

पहिली खरेदी करा ती किमान-कमाल तापमान आणि आर्द्रता दाखवणाऱ्या डिजिटल थर्मामीटरची. तो दारापाशी किंवा एसीसमोर लावू नका. दुकानातली सर्वांत तापणारी जागा, म्हणजे बहुधा पश्चिमेच्या भिंतीकडची वरची फळी, तिथे ठेवा. रोज सकाळी दुकान उघडताना आणि दुपारी चारच्या सुमारास दोन्ही आकडे वहीत लिहा आणि मग मीटर रीसेट करा. आठवडाभराच्या नोंदीतून कळतं की दुकान कुठल्या वेळी तापतं.

खानदेशात ही वेळ बहुतेक ठिकाणी एकच निघते. दुपारी एक ते चार दुकान बंद असतं, शटर खाली, एसी आणि पंखा बंद. माणसं घरी झोपतात आणि औषधं भट्टीत राहतात. उघड्या वेळात थंड ठेवलेलं दुकान नेमक्या त्या तीन तासांत ४० पार करतं. एसी लावला असेल तर तो दुपारच्या सुट्टीत २६ वर चालू ठेवायचा. वीजबिलाची कात्री लावायचीच असेल तर संध्याकाळच्या गार वेळेला लावा.

एसी नसेल तर कुलर लावून काम भागेल, असा समज सगळीकडे आहे. माणसाला कुलर सोसतो, औषधाला सोसेलच असं नाही. कुलर हवा गार करतो ती पाणी मिसळून, आणि बंद दुकानात तासाभरात ओल साचते. दमट हवेत कॅप्सूल चिकटतात, पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या फुगतात, अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लासारखं औषध पाकीट फुटलेलं असेल तर पिवळं-तपकिरी पडतं. कुलर वापरायचाच असेल तर समोरची खिडकी उघडी ठेवा, त्याचा झोत रॅकवर येऊ देऊ नका आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की त्याचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा.

छतासाठी कमी खर्चाचे उपाय आधी करून घ्या. पत्र्यावर किंवा स्लॅबवर फेब्रुवारीअखेर चुन्याचा किंवा उष्णतारोधक पांढऱ्या रंगाचा जाड हात द्या आणि पत्र्याखाली फॉल्स सीलिंग करून मध्ये हवेची पोकळी सोडा. पश्चिमेच्या भिंतीवर औषधांचा रॅक नको. तिथे डायपर, पावडर, सॅनिटरी पॅड असा माल लावा. बाकीचे रॅक भिंतीपासून चार बोटं आणि जमिनीपासून वीतभर वर ठेवा. पावसाळ्यात जमिनीची ओल चढते, तेव्हाही हे अंतर कामाला येतं.

उन्हाने बिघडलेला माल ओळखता यायला हवा. अ‍ॅस्पिरिनच्या पाकिटाला व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर आतली गोळी बिघडली आहे. सपोझिटरी (गुदद्वारातून ठेवायची औषधाची कांडी) वितळून पुन्हा गोठलेली असेल तर तिचा आकार वाकडा दिसतो. मलमाच्या ट्यूबमधून आधी तेल आणि मग घट्ट लगदा येतो. पण बरीच औषधं काहीच खूण दाखवत नाहीत. थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन, छातीत दुखताना जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीन, यांचा जोर कमी झाला तरी गोळी दिसायला तशीच राहते. म्हणून डोळ्यांवर विसंबू नका, नोंदीवर विसंबा.

फ्रिज

२ ते ८ अंशांत ठेवायचा माल गावातही बराच असतो: इन्सुलिन, धनुर्वाताचं इंजेक्शन, बाळंतपणातलं ऑक्सिटोसिन, काचबिंदूचे काही थेंब. या फ्रिजमध्ये दुधाची पिशवी, पाण्याची बाटली, घरची भाजी ठेवायची नाही, कारण मग दार दिवसात पन्नास वेळा उघडतं.

इन्सुलिन कधीही फ्रीझरला टेकवू नका आणि दारातल्या कप्प्यातही ठेवू नका. मधली फळी घ्या, जाळीच्या प्लास्टिक टोपलीत खोकी उभी ठेवा, मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर स्वच्छ दिसलं तरी फेकायचं. उन्हाने इन्सुलिनचं नुकसान हळूहळू होतं, गोठल्यावर ते एका रात्रीत होतं, आणि उन्हाळ्यात थर्मोस्टॅट कमाल थंडीवर फिरवून ठेवणारे दुकानदार हीच चूक करतात. थर्मामीटरची तार पाणी भरलेल्या छोट्या बाटलीत बुडवून ठेवा. दार उघडलं की नुसत्या हवेचा आकडा उड्या मारतो, पाण्यातला आकडा मालाचं खरं तापमान सांगतो.

लाईट जाण्यासाठी तयारी अशी: खालच्या भाजीच्या कप्प्यात पाण्याने भरलेल्या बाटल्या कायम ठेवा, त्या थंडी धरून राहतात. लाईट गेली की दार उघडायचं नाही आणि गेल्याची वेळ दारावर लिहायची. लाईट लांबणार असेल तर थर्मोकोलच्या डब्यात माल हलवा, पण फ्रीझरमधून काढलेला बर्फाचा पॅक तसाच डब्यात टाकू नका. तो बाहेर ठेवा, हलवल्यावर आत पाण्याचा आवाज यायला लागला की मगच, आणि इन्सुलिनला थेट न लागेल असा जाड पुठ्ठा मध्ये घालून ठेवा.

इन्सुलिन नेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या घरी फ्रिज नसेल तर त्याला मोकळं पाठवू नका, मडक्याचा उपाय सांगा. मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात लहान मडकं, त्यात पिशवीत बांधलेली बाटली, वर ओलं फडकं, आणि हे सगळं सावलीत वाऱ्यावर. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे उत्तम चालतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे गारवाही कमी मिळतो. वापरात असलेली बाटली फोडल्यापासून साधारण चार आठवड्यांत संपवायची. फोडल्याची तारीख बाटलीवर तुम्हीच लिहून द्या.

माल उतरवताना

माल फक्त परवानाधारक होलसेलरकडून, पक्क्या बिलावर. जळगाव किंवा धुळ्याहून येणारा खोका दुपारी एसटीच्या टपावर किंवा टेम्पोत तापत येणार असेल तर होलसेलरला सांगून तो सकाळच्या पहिल्या गाडीने मागवा. फ्रिजचा माल थंड डब्यातच घ्यायचा. डबा उघडल्यावर आत गरम हवा लागली तर सही करण्याआधी परत करा. एकदा सही झाली की वाद घालता येत नाही.

खोका फोडल्यावर बिल हातात धरून प्रत्येक औषधाचं नाव, ताकद, बॅच नंबर आणि एक्स्पायरी जुळवा. ताकदीकडे जास्त लक्ष द्या: मागवलेली ५ ची आणि आलेली १० ची अशी गफलत इथेच पकडली जाते. खपाच्या ३०० ब्रँडच्या पाकिटांवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन करून उत्पादक आणि बॅच पडताळा. 'फिजिशियन सॅम्पल' किंवा 'सरकारी पुरवठा, विक्रीसाठी नाही' असा शिक्का असलेली एकही स्ट्रिप दुकानात येता कामा नये, फुकट मिळाली तरी.

रॅक आणि एक्स्पायरी

आधी संपणारा माल पुढे, नंतरचा मागे. पाकिटावर '०५/२०२७' लिहिलं असेल तर ते मे महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. दर महिन्याच्या एक तारखेला तीन महिन्यांत संपणारा माल वेगळा काढा, लाल ठिपका लावा आणि होलसेलरकडे परतीची बोलणी सुरू करा. संपलेला माल झाकणाच्या डब्यात, वर ठळक 'विक्रीसाठी नाही' लिहून, विक्रीच्या रॅकपासून दूर ठेवा.

स्ट्रिप कापताना बॅच आणि एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत दुकानात राहू द्या. उलट्या टोकाने कापली की उरलेल्या चार गोळ्या बेवारस होतात. कापून दिलेल्या तुकड्याबरोबर बिलावर बॅच आणि एक्स्पायरी लिहा. गोळ्या स्ट्रिपमधून काढून बरणीत भरून ठेवणं पूर्ण बंद करा.

सारख्या नावांची औषधं शेजारी लावू नका. मेटफॉर्मिन आणि मेट्रोनिडाझोल ही नेहमीची जोडी. त्याहून घातक म्हणजे एकाच ब्रँडचे 'एम-१', 'एम-२', 'फोर्ट' असे भाऊबंद: साखरेच्या गोळीत ग्लिमेपिराइड दुप्पट गेलं की शेतात उपाशी राबणाऱ्या माणसाची साखर दुपारीच उतरते. अशा जोड्यांमध्ये दुसऱ्या जातीचं औषध ठेवा आणि फळीवर रंगीत पट्टी लावा.

काउंटरवर

चिठ्ठी हातात आली की पेशंटचं नाव, वय, तारीख, डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांक पाहा. अक्षर लागत नसेल तर अंदाज करायचा नाही, डॉक्टरला फोन करायचा. चिठ्ठीवरचं औषध नसेल तर त्याच घटकाची दुसऱ्या कंपनीची गोळीसुद्धा डॉक्टरला विचारल्याशिवाय देता येत नाही. काढलेलं औषध पुन्हा एकदा चिठ्ठीशी ताडा, आणि मगच बिल.

पुढच्या चार जागा अशा आहेत की तिथे चूक झाली तर माणूस दगावू शकतो.

इन्सुलिनची सिरिंज ही पहिली. आपल्याकडे ४० युनिटची आणि १०० युनिटची, दोन्ही बाटल्या मिळतात. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. १०० युनिटच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत भरलं तर अंगात ५० युनिट जातात. उलट केलं तर २० ऐवजी ८ च जातात. म्हणून नुसती सिरिंज मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला 'रिकामी बाटली घेऊन या' असंच सांगायचं.

दुसरी, मुलांचं पॅरासिटामॉल. थेंबांत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२५ किंवा २५० मिलिग्रॅम. दहा किलोच्या बाळाला एका वेळी १०० ते १५० मिलिग्रॅम पुरतं, म्हणजे थेंबांचं १ ते दीड मिली, किंवा १२५ च्या सिरपचं ४ ते ६ मिली. थेंबांची बाटली नेऊन आईने चमचाभर पाजलं की ५०० मिलिग्रॅम गेलं. वजन विचारा, मापाच्या टोपणावर किंवा ड्रॉपरवर पेनने रेघ मारून द्या, दोन डोसांत किमान चार तास आणि दिवसाला चारपेक्षा जास्त नाही, हे सांगा. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना २०११ पासून बंद आहे, कोणी कितीही 'लवकर ताप उतरतो' म्हटलं तरी.

तिसरी, कोरड्या पावडरचं सिरप. बाटली आधी हातावर आपटून पावडर मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी निम्मं घालून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग बाणापर्यंत भरायचं. फेसासकट बाणापर्यंत भरलं तर पाणी कमी पडतं आणि प्रत्येक चमचा जादा कडक होतो. शक्यतो हे दुकानातच करून द्या. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक आम्लाचं मिश्रण फ्रिजमध्ये ठेवून सात दिवसांत संपवायचं, उरलेलं पुढच्या तापाला ठेवायचं नाही.

चौथी, मेथोट्रेक्सेट. सांधेवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंडात फोड, रक्तपेशी कमी, आणि पेशंट हाताबाहेर. चिठ्ठीवर वार नसेल तर डॉक्टरला विचारा आणि त्यांनी सांगितलेला वार स्ट्रिपवर ठळक, जसं 'फक्त सोमवार', असा लिहून द्या.

समजावताना पेशंटच्या भाषेत बोला. 'एक-शून्य-एक' सगळ्यांना कळत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडे अहिराणीपेक्षा पावरी-भिल्ली चालते, तिथे पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून शेजारी तेवढे ठिपके द्या. शेवटी गिऱ्हाइकाकडूनच वदवून घ्या: 'मावशी, सांग बरं, गोयी कव्हय लेवानी?' (गोळी कधी घ्यायची?) नुसती मान हलली म्हणजे समजलं, असं धरू नका.

नंदुरबारच्या सातपुड्यात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची हायड्रॉक्सियुरिया कॅप्सूल कधी खंडित होऊ देऊ नका, ती उघडायची नाही आणि उघड्या हाताने मोजायची नाही. सिकलसेलच्या मुलाला ताप आला तर तापाची गोळी देऊन घरी न पाठवता दवाखान्यात पाठवा.

पुडी बंद

अंगदुखी, सर्दी, 'थकवा' म्हणून चार-पाच सुट्या गोळ्या कागदात बांधून द्यायची पद्धत अजून चालते. त्या पुडीत बहुधा दुखण्याची गोळी, ॲसिडिटीची गोळी आणि डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड असतं. एका दिवसात बरं वाटतं, म्हणूनच माणूस परत परत येतो. काही महिन्यांत चेहरा सुजतो, साखर आणि बीपी चढतं, जठरात जखम होते, आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरला कळत नाही की नेमकं काय खाल्लं, कारण पुडीवर नाव नसतं. जे औषध नावाशिवाय, बॅचशिवाय बाहेर जातं त्याची जबाबदारी घेता येत नाही. गिऱ्हाईक मागेल, शेजारचं दुकान देईल, तरी देऊ नका.

नोंदी

शेड्यूल एच-१ ची, म्हणजे चिठ्ठीवरच द्यायची आणि जास्त कडक नियम असलेली औषधं मार्च २०१४ पासून वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावी लागतात: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध, संख्या. रजिस्टर तीन वर्षं जपायचं. यात सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, टीबीची औषधं, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम येतात. अल्प्राझोलामच्या बाबतीत विशेष कडक राहा. धुळ्याला लागून असलेल्या मालेगावात ती 'कुत्ता गोळी' म्हणून नशेसाठी विकली जाते आणि ओळखीच्या पोराच्या हातात दिलेली एक स्ट्रिपसुद्धा तिकडे पोचू शकते. टीबीचं औषध दिलं की त्या रुग्णाची माहिती सरकारला कळवणं २०१८ पासून औषध दुकानांवरही बंधनकारक आहे.

हंगामाप्रमाणे

ऑगस्ट ते ऑक्टोबर कपाशीच्या फवारणीचा काळ. 'पंप मारून आलो, मळमळतंय' म्हणून कोणी आला तर उलटीची गोळी काढायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा. घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांत पाणी, बुबुळाची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ही विषबाधा आहे. कपडे काढून अंग साबणाने धुवायला लावा, १०८ ला फोन करा आणि फवारणीच्या औषधाचा डबा बरोबर पाठवा. दुकानातून काहीही पाजायचं नाही. सर्पदंशालाही तेच: १०८, आणि दंशाचा हात-पाय न हलवता दवाखाना.

उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसानंतर जुलाब वाढतात. २०.५ ग्रॅमचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात, ४.२ ग्रॅमचं २०० मिलीत. अर्ध्या ग्लासात अख्खं पाकीट ढवळून दिलं तर मिठाचं प्रमाण घातक होतं. मुलांना सोबत १४ दिवस झिंक: सहा महिन्यांवरच्यांना रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्यांना १०. 'ओआरएस' नाव लावलेली गोड पेयं ही ओआरएस नव्हेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, पेयांवर ते नाव वापरायला बंदी घातली. जुनी पाकिटं फळीवर असतील तर उतरवा.

गुरांसाठी येणाऱ्या गिऱ्हाइकाला माणसाचं डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध देऊ नका. ते गुरांसाठी २००६ पासून बंद आहे, मेलेल्या गुरातून ते गिधाडांना मारतं. म्हशीला पान्हा सोडण्यासाठी ऑक्सिटोसिन मागणाऱ्यालाही नाहीच म्हणायचं. ते चिठ्ठीचं औषध आहे.

तक्रार आणि परत बोलावलेला माल

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात शेजारच्या मध्य प्रदेशात छिंदवाड्याला खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं आणि लहान मुलं गेली. अशी सूचना आली की दुकानात पुढचं काम तासाभरात व्हायला हवं. सूचनेतली बॅच रॅकवर, फ्रिजमध्ये, काउंटरखाली सगळीकडे शोधा. मिळालेला माल मोजून 'विक्री बंद' लिहिलेल्या डब्यात टाका. बिलांवरून कोणाकोणाला दिलं ते काढा आणि फोन करा, फोन नसेल तर आशाताईंमार्फत निरोप द्या. होलसेलरला बॅच आणि संख्या लेखी कळवून परतीची पावती घ्या. बिलावर बॅच लिहिलेली नसेल तर यातलं काहीच जमत नाही, म्हणून सुटी गोळी दिली तरी बॅच लिहायची.

औषधाने अंगावर पुरळ, सूज असा काही त्रास झाला तर १८००-१८०-३०२४ या राष्ट्रीय क्रमांकावर कळवता येतं. माल बनावट वाटला तर महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा (एफडीए) १८००-२२२-३६५ हा क्रमांक आहे. तो माल परत पाठवू नका, बिलासकट सील करून ठेवा, निरीक्षकाला नमुना म्हणून तोच लागतो. परत न होणारा संपलेला माल उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकू नका, परसात जाळूही नका. उकिरड्यावर गुरं तोंड घालतात आणि भंगार वेचणारी पोरं स्ट्रिपा गोळा करतात. यादी करून तो जैववैद्यकीय कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेकडे द्या आणि पावती फाईलला लावा.